अण्णा, मी आणि पॉपर

आमच्या हिमायतनगरला समुद्र नाही, पैनगंगा आहे. अण्णा गळाला गांडूळ लावून तासन् तास काठावर बसायचे. मी पक्की नोकरी सोडली, तेव्हापासून आमचं बोलणं तुटकच.

गेल्या महिन्यात कोकणात खाडीवर पॉपर टाकला. खोलगट तोंडाचा हा नकली मासा झटक्यानं ओढला की ‘पचाक्’ करत पाणी उडवतो. (पाणी अगदी संथ असेल तर निमुळती स्टिकबेट बरी.) पहाटे जिताडा उसळला, मी दचकून रॉड खेचला. गळ रिकामा! मग अण्णांचं आठवलं, ‘आवाजाला भुलू नको, वजन लागू दे.’ पुढच्या वेळी थांबलो. मिळाला!

लगेच फोन केला. पलीकडून एकच प्रश्न, ‘‘थांबला होतास ना?’’

त्या दिवशी आम्ही चक्क अर्धा तास बोललो.