धाव, डबे आणि विहीर

आमच्या वाशिमात पहाटे रस्त्याने धावणाऱ्या मुलीला एकच नाव असते : ‘भरतीवाली’. ती कोणाची कोण, कुठल्या गावची, काय शिकते, याची चौकशी कोणी करीत नाही. दूधवाला सायकल न थांबवताच विचारतो, “कवा हाये वं भरती?” अकोला नाक्यावरचा चहावाला म्हणतो, “औंदा जागा निघतेत म्हन्तेत!” फक्त कुत्र्यांना भरतीचे काही सोयरसुतक नसते, ती भरतीवालीच्याही मागे लागतात. म्हणून माझ्या डाव्या मुठीत नेहमी दोन खडे असतात.

मी भरतीवाली आहे हे मी नाकारीत नाही. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि ५० गुणांपैकी २० गुण त्या ८०० मीटरवर असतात. उरलेले गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांचे. आमच्या खेड्यात पोरांना गृहपाठ आठवणार नाही, पण हे आकडे तोंडपाठ असतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा बी. ए. च्या पदवीपेक्षा त्या २० गुणांवर बाबांचा विश्वास अधिक आहे, यात त्यांचा दोष नाही. पदवी त्यांनी अजून पाहिलेली नाही; पोलीस पाहिलेला आहे.

आमचे गाव वाशिमपासून अकरा किलोमीटर. मी राहते मावशीकडे, शहरात. दोन खोल्या, एक ओटा आणि मावशीचे डबे. मावशी सकाळी चौदा आणि संध्याकाळी नऊ डबे करते, आणि ते पोचवण्याचे काम माझे. म्हणजे माझ्या राहण्या-जेवण्याचा हिशेब त्यात फिटतो. सायकल मला शाळेत असताना मानव विकासाच्या योजनेतून मिळाली. दोन्ही मुठींना डब्यांच्या पिशव्या, मागे कॅरिअरला पिशवी, आणि पाटणी चौकातली गर्दी! पिशव्या लावलेली सायकल वळवायची म्हणजे बैलगाडी वळवण्यासारखेच. सकाळची फेरी सात किलोमीटरची, संध्याकाळची सहा.

आता तिसरी गोष्ट सांगते, जी चहावाल्याला माहीत नाही. मला पोहता येते.

सातव्या वर्षी बाबांनी कमरेला वाळका भोपळा बांधून मला आमच्या विहिरीत सोडले होते. आठ दिवसांनी भोपळा सुटला आणि मी तरले. तेराव्या वर्षी मायने पोहणे बंद केले. “पोरगी मोठी झाली,” एवढेच कारण होते, आणि त्यावर आमच्याकडे पुढे बोलायचे नसते. मग सहा वर्षे मी विहिरीत फक्त डोकावत होते. गेल्या पावसाळ्यानंतर मोटरीच्या पाइपाच्या तोंडाची जाळी गाळाने तुंबली. दादा पुण्याला कंपनीत, बाबांचा खांदा दुखावलेला, आणि तुरीला पाणी द्यायचे खोळंबलेले. बाबा विहिरीच्या काठावर बसून होते. त्यांनी मायकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “उतरशीन काय वं बाई?”

मी सलवार-कमीज घालूनच उतरले. तीन बुड्या माराव्या लागल्या. जाळी मोकळी करून वर आले तेव्हा माय काठावर उभी होती, हातात टॉवेल घेऊन. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून दर रविवारी मी गावी जाते आणि पोहते, आणि माय टॉवेल घेऊन उभी असते. परवानगी अशीही मिळते.

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांची ही राजधानी. इथे एके काळी एकशे आठ तीर्थे होती असे सांगतात. पद्मतीर्थाचे पाणी तर आजही आपण रोज पाहतो. पण तीर्थात पोहायचे नसते, आणि शुल्क भरून कुठे पोहायला जाणे मावशीच्या हिशेबात बसत नाही. म्हणून एकशे आठ तीर्थांच्या गावातून अकरा किलोमीटर सायकल हाणून मी वीस फूट रुंदीच्या विहिरीत पोहायला जाते. असो!

मागच्या वर्षी वाचनालयात एका वृत्तपत्राचे पान चाळताना एका स्पर्धेची हकीकत वाचली. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, मग धावायचे, आणि या तिन्हींचा मिळून एक खेळ : ट्रायथलॉन! मी ते पान दोनदा वाचले. माझ्याकडच्या ज्या तीन गोष्टी एकमेकींना ओळखतही नव्हत्या, त्या कोणीतरी एका दोरीत ओवल्या होत्या. माझे धावणे म्हणजे भरती, सायकल म्हणजे डबे, आणि पोहणे म्हणजे मायच्या मते वेडेपणा. आणि जगात लोक याला खेळ म्हणत होते.

मग मी या खेळाच्या मागेच लागले. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर पंधरा जण सुमारे ३.८ किलोमीटर समुद्रात पोहले, १८० किलोमीटर सायकल चालवली आणि वर ४२ किलोमीटर धावले. बारा जणांनी ते पूर्ण केले. तीच पहिली ‘आयर्नमॅन’. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, तो बेताच्या अंतराने : दीड किलोमीटर पोहणे, चाळीस सायकल, दहा धावणे. आपले मिलिंद सोमण २०१५ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, झुरिकला आयर्नमॅन झाले. गोव्यात २०१९ च्या ऑक्टोबरात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची स्पर्धा झाली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांचे नावही तेव्हाच कळले. २०१७ मध्ये त्यांनी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्याने सायकलवर पार केली, ‘रॅम’ नावाच्या शर्यतीत. त्या शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे गाडीतून माणसे अन्नपाणी घेऊन चाललेली असतात, हे वाचून मला फार बरे वाटले. म्हणजे तिथेही कोणीतरी डबेवाली आहेच!

पण सगळ्यांत जास्त मनात राहिली ती एक लहानशी बाब. पाण्यातून निघून सायकलवर बसेपर्यंत, आणि सायकल ठेवून धावायला लागेपर्यंत, मधे जो वेळ जातो, कपडे सारखे करणे, बूट घालणे, घोटभर पाणी, तो वेळही या खेळात मोजतात. घड्याळ थांबवीत नाहीत. मी माझ्या दिवसाकडे पाहिले. माझ्या दिवसात तर तोच वेळ सगळ्यांत मोठा होता.

साडेचारला उठायचे. पाच ते सहा धावणे. सहाला कणीक भिजवून मावशीच्या हाताखाली पोळ्या. सव्वासातला डबे सायकलला. नऊला परत, भांडी. अकराला कॉलेज. पाचला पुन्हा पोळ्या, सहाला डबे. रात्री अभ्यास, म्हणजे पुस्तक उघडे आणि डोळे मिटलेले. खेळाडूंच्या वेळापत्रकात विश्रांतीचा एक दिवस राखलेला असतो. माझा तो दिवस नळ ठरवतो. एकबुर्जीचे पाणी ज्या पहाटे नळाला येते त्या पहाटे धावणे रद्द. आणि विश्रांती तेवढी सोडून बाकी सगळे त्या दिवशी होते. खुराक म्हणाल तर भिजवलेले हरभरे आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा. बदाम मी फक्त वर्णनातच खाल्ले आहेत.

सायकलवरून उतरून लगेच धावून पाहण्याचाही प्रयोग केला. डब्यांची फेरी संपवली आणि रिकाम्या पिशव्या ओट्यावर टाकून पळत सुटले. पाय माझे नव्हतेच! जणू कोणी मांड्यांच्या जागी लाकडे बसवली होती. पुढे वाचले की हे सगळ्यांचेच होते. सायकल मारून मांड्या आधीच थकलेल्या असतात, आणि धावताना पायांची चाल बदलते, ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. त्यावर उपाय एकच : पुन्हा पुन्हा तेच करणे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर चालत-धावत जात, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतले. ते वाचून मी डब्यांच्या फेरीलाच सराव म्हणू लागले. चढावर उभी राहून सायकल मारायची, गल्लीत डबा हातात घेऊन पळायचे. एकदा आमटी सांडली. एका गिऱ्हाइकाने तीन दिवस तोंड फिरवले.

आमटी सांडली त्याचे काही नाही. पुढे जे झाले ते लिहू की नको, याचा मी पुष्कळ विचार केला.

आमच्या गिऱ्हाइकांत एक गुरुजी आहेत, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मुले पुण्याला, इथे ते एकटेच. त्यांना मधुमेह आहे. सकाळी ते इन्सुलिनची सुई घेतात आणि आठच्या आत जेवतात. डबा माझ्या फेरीत बारावा. डिसेंबरमधल्या एका पहाटे माझे पाय फार हलके होते. असा दिवस महिन्यातून एखादा येतो. मी नेहमीच्या वळणावर वळले नाही. पुढे गेले, आणखी पुढे गेले. धुके होते, रस्ता मोकळा होता, आणि मला पहिल्यांदा वाटले की मी भरतीसाठी धावत नाही आहे. घरी पोचले तेव्हा चाळीस मिनिटे उशीर झाला होता. मावशीने एकटीने पोळ्या लाटल्या होत्या. ती काहीच बोलली नाही, त्यावरून मी समजले.

गुरुजींच्या दारी पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. ते ओट्यावर बसले होते. थंडीच्या दिवसांत त्यांचा सदरा घामाने भिजला होता, हात कापत होते, आणि ते मला दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने हाक मारीत होते. सुई त्यांनी नेहमीच्या वेळेला घेतली होती. पोटात काही नव्हते. मी नुसती उभी राहिले. शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी साखरेचे पाणी पाजले. दहा-पंधरा मिनिटांनी गुरुजींनी मला ओळखले. काकू म्हणाल्या, “थोडा अजून उशीर केला असता तं?” त्या वाक्याचा शेवट त्यांनी केला नाही. मी तो रोज रात्री करीत असे.

मावशी त्या रात्री एवढेच म्हणाली, “तू धाव, मी नाई कुठी म्हन्तो? पन मानूस उपाशी ठेवून धावाचं असंन तं गावी जाय.” मावशी स्वतःविषयी बोलताना ‘म्हणतो’ म्हणते, आमच्याकडे बायकांचे बोलणे असेच. एरवी मला त्याचे हसू येते. मी धावणे बंद केले. बारा दिवस. साडेचारला जाग यायचीच. मग अंधारात पडून मावशीचे घोरणे ऐकत राहायचे.

तेराव्या दिवशी गुरुजींनी डबा हातात घेतला, खाली ठेवला आणि विचारले, “काय गं, हल्ली चपलेतच येतेस. बूट कुठे गेले?” मी खाली पाहिले. ते म्हणाले, “हे बघ बेटा, मी तुला धावू नको म्हटलेलं नाही. आठच्या आधी ये, एवढंच माझं म्हणणं आहे.” डॉक्टरांनी आता डबा समोर आल्याशिवाय सुई घ्यायची नाही असे त्यांना बजावले होते. चूक निम्मी माझीही, असे ते म्हणाले. मला ते पटले नाही. अजूनही पटत नाही. मग त्यांनी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगितली. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेला हा मराठी जवान उपचार म्हणून पोहायला लागला आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आला. शिक्षकाला गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फेरीच उलटी केली. गुरुजींचा डबा पहिला. त्यासाठी दोन किलोमीटर जास्त पडतात. सायकलचा सराव तेवढा वाढला. धावणे मी पंधरा मिनिटांनी कमी केले आणि ठरलेल्या वळणावर वळू लागले. पाय हलके असले तरी.

गुरुजींकडे एक जुने मनगटी घड्याळ आहे आणि एक वही. वहीत ते साखरेचे आकडे लिहितात. जानेवारीपासून त्यांनी त्याच वहीत माझ्या ८०० मीटरचे आकडे लिहायला सुरुवात केली. डावीकडे त्यांचे, उजवीकडे माझे. दोन्ही कमी व्हायला हवेत, पण त्यांचे फार कमी होऊन चालत नाही, असे ते हसून म्हणतात.

राहिली विहीर. ऑलिंपिकचे दीड किलोमीटर आमच्या विहिरीत पोहायचे तर अडीचशे वेळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जावे लागेल. मी साठपर्यंत पोचले आहे. मोजायचे काम बाबांचे. ते काठावर तुरीचे साठ दाणे घेऊन बसतात आणि माझा हात भिंतीला लागला की एक दाणा या ढिगातून त्या ढिगात टाकतात. बाबांना वाचता येत नाही, पण एकदाही चुकलेले नाहीत. मीच चुकते आणि भांडते.

गेल्या रविवारी मी ठरवून सगळे एकामागे एक केले. साठ दाणे पोहले. माय टॉवेल घेऊन उभी होती. गोठ्यात कपडे बदलले. अकरा किलोमीटर सायकल. मावशीकडून गुरुजींचा संध्याकाळचा डबा उचलला, त्यांच्या हातात दिला. मग त्यांच्या दारापासून नाक्यापर्यंत आणि परत, तीन किलोमीटर धाव. निघण्याआधी बाबा विहिरीत वाकून म्हणाले होते, “पानी दोन हात खाली गेलं. अजून दोन ऐतवार पुरंन.”

गुरुजींनी वहीत लिहिले : एक तास एकोणचाळीस मिनिटे. मी म्हटले, “गुरुजी, डब्याला गेलेला वेळ वजा करा ना!” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि डबा उघडला.