कधी जातो आवाज?

हॉलमधल्या रिसीव्हरच्या पोटात बारीकसं ‘टक’ होतं आणि गाणं थांबतं. समोरच्या पट्टीवर एकच शब्द लुकलुकत राहतो, ‘प्रोटेक्ट’. गेल्या मे महिन्यात हे रोजचंच झालं होतं. सकाळी पंडित भीमसेन जोशींचा तोडी लावावा, विलंबित संपून द्रुत सुरू व्हावं, आणि टक. लगेच आतल्या खोलीतून आईची हाक येई, “अगं, बंद का केलंस?”

मी बंद केलेलं नसायचं. आई आता ८४ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे हॉलपर्यंत येणं तिला जमत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी याच रिसीव्हरच्या मागून वायर ओढून तिच्या खोलीत दोन छोटे स्पीकर बसवले होते. त्यामुळे आवाज गेला की दोन खोल्यांतून एकदम जाई, आणि घर कसं रिकामं झाल्यासारखं वाटे.

असा मध्येच जाणारा आवाज मी लहानपणीही ऐकला आहे, आणि तो नीट होतानाही पाहिला आहे.

१९८३ साली आम्ही नारायण पेठेतल्या वाड्यात राहत होतो. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, वर्षभर पैसे बाजूला टाकून अ‍ॅम्प्लिफायर करून घेतला. करून घेतला असंच म्हणायला हवं, कारण परदेशी सेट आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हते. कुणी आखातातून आणला तर वाड्यातली माणसं तो बघायला जायची. ज्यांना गाण्याची तहान होती, ते पुण्यात बुधवार पेठेत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन ‘असेंबल’ करून घ्यायचे. आमचा सेट बुधवारातल्या एका रेडिओवाल्या काकांनी बांधला. सनमायका लावलेली लाकडी पेटी, एकेका बाजूला २५ वॉट, आणि मागच्या काळ्या हीट सिंकवर टोपीच्या आकाराचे चार धातूचे ट्रान्झिस्टर, टू-एन-३०५५ नावाचे. ते नाव मला बाराखडीसारखं पाठ होतं. ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्यामध्ये अभ्रकाची पातळ चकती असायची. उष्णता पलीकडे जावी, वीज जाऊ नये, म्हणून. काका ती चकती चिमट्यानं उचलून उजेडात धरायचे आणि मला आरपार बघायला लावायचे.

त्या सेटचा आवाज पहिल्याच हिवाळ्यात जाऊ लागला. लावल्यावर अर्धा तास उत्तम, मग डावीकडचा स्पीकर गप्प. काका घरी आले तेव्हा त्यांनी पिशवीही उघडली नाही. आधी चहा घेतला आणि अण्णांना विचारायला सुरुवात केली. “कधी जातो आवाज? लावल्या लावल्या, की तापल्यावर? दोन्हीकडचा, की एकाच बाजूचा? मोठा केला की जातो, की बारीक असताना? जाताना खरखरतो, की गुपचूप जातो? आणि परत येतो तो आपणहून, की थापटल्यावर?”

अण्णांना निम्म्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. मी दिली, कारण दिवसभर त्याच्यासमोर मीच बसलेली असायचे. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, “म्हणजे तापल्यावर जातो, आणि फळीवर बुक्की मारली की येतो. बरं, लाव बाळ. गाणं लाव आणि त्याला तापू दे.”

तो अर्धा तास मला अजून आठवतो. पेटीचं झाकण काढलेलं, काका मांडी घालून बसलेले, आणि काहीच न करता गाणं ऐकत होते. डावा स्पीकर गप्प झाला तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून जुन्या टूथब्रशची दांडी काढली आणि तिनं सर्किटवरचा एकेक भाग अलगद टोचत गेले. एका ठिकाणी दांडी टेकली मात्र, आवाज परत आला. दांडी उचलली, आवाज गेला. “ड्राय सोल्डर,” ते म्हणाले. एका छोट्या ट्रान्झिस्टरच्या पायाभोवतीचा डाग बाहेरून गोल दिसत होता, पण आत पाय आणि कथील यांच्यात केसाएवढी फट होती. सेट तापला की ती उघडायची, निवला की मिटायची. त्यांनी प्लग काढला, थोडं थांबले, मोठ्या कपॅसिटरमधली उरलेली वीज उतरवली आणि त्या डागावर तापलेलं आयर्न टेकवलं. राळेच्या धुराची एक रेघ वर गेली. तो वास घरात संध्याकाळपर्यंत होता.

झाकण लावण्यापूर्वी त्यांनी आतल्या बाजूला चिकटवलेला कागद मला दाखवला. सर्किटचा हातानं काढलेला नकाशा. त्यावर त्यांनी त्या जागी पेन्सिलीनं गोल केला आणि तारीख घातली. पुढे जो कोणी उघडेल त्याला कळावं म्हणून.

आजच्या रिसीव्हरमध्ये असा कागद नाही. रेडिओचा ट्यूनर, अ‍ॅम्प्लिफायर आणि टीव्हीचा आवाज हे सगळं एका पेटीत बसवलेलं, दाट बोर्डांचं हे यंत्र. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं फोनवर माझं एक वाक्यही पुरतं ऐकलं नाही. फॅक्टरी रिसेट करा, म्हणाला. केला. मग म्हणाला, बोर्ड बदलावा लागेल, पण या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही. आवाज कधी जातो हे त्यानं विचारलं नाही, आणि मला राग आला तो त्याचा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ही चांगली गोष्ट आहे. सुट्टे भाग आणि माहिती मिळणं हा हक्कच असायला हवा. पण यंत्राचं म्हणणं ऐकून घेणारा माणूस मिळणं हाही त्या हक्काचाच भाग आहे असं मला वाटतं.

जुनं सगळं चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. अण्णांच्या सेटला कसलंही रक्षण नव्हतं. एका पावसाळ्यात त्यातला एक टू-एन-३०५५ आतून शॉर्ट झाला आणि सप्लायचे ३० व्होल्ट थेट स्पीकरवर गेले. ८ ओहमच्या स्पीकरवर ३० व्होल्ट म्हणजे शंभराहून जास्त वॉटची नुसती उष्णता, तीही २५ वॉटच्या स्पीकरमध्ये. फ्यूज उडायच्या आत कॉईल जळाली. जळक्या वार्निशचा वास आला आणि अण्णा काही न बोलता गॅलरीत जाऊन उभे राहिले. आजच्या रिसीव्हरमध्ये हे होऊ नये म्हणून रिले असतो. चालू केल्यावर काही सेकंद थांबून जो ‘टक’ ऐकू येतो, तो रिले स्पीकर जोडतो त्याचा. आऊटपुटला डीसी आली, ट्रान्झिस्टर फार तापले, करंट मर्यादेबाहेर गेला, की तोच रिले पुन्हा ‘टक’ करून स्पीकर तोडतो. तेव्हा हे नवं यंत्र स्पीकरला जपत होतं. फक्त कशापासून जपतंय हे सांगत नव्हतं.

मग मी काकांसारखी बसले. चहा घेतला आणि स्वतःलाच विचारलं, कधी जातो आवाज?

दुपारी लवकर जातो, रात्री उशिरा. म्हणजे तापल्यावर. झाकणावर तळहात ठेवला तर तो ठेववेना. वर सेट-टॉप बॉक्स होता आणि त्याखाली हवेच्या फटी झाकल्या गेल्या होत्या. तो हलवला, वर वीतभर जागा मोकळी केली. वीस मिनिटांनी जाणारा आवाज आता तासाभरानं जाऊ लागला. फरक पडला, पण जाणं थांबलं नाही. स्पीकरच्या वायरींची टोकं उपसून पाहिली. तांब्याची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला शिवत असेल तर तेवढ्यानंही रिसीव्हर स्पीकर तोडतो. तसं काही नव्हतं. तरी सगळी टोकं पिळून त्यांना कथील चढवलं.

पुढचा प्रश्न, मोठा केला की जातो? हो. आणि आई खोलीत एकटी ऐकत असली, हॉलचे स्पीकर बंद असले, तर? तर जात नाही.

मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं, ते मी इतक्या वर्षांत वाचलं नव्हतं. एक जोडी लावली तर स्पीकर किमान ६ ओहमचे, दोन्ही जोड्या लावल्या तर प्रत्येक किमान १२ ओहमचा. हॉलमधले माझे स्पीकर ८ ओहमचे, आईचे ६ ओहमचे. दोन्ही समांतर जोडले की होतात साडेतीन ओहमच्याही खाली. ओहम जितके कमी, तितका करंट जास्त, तितकी उष्णता जास्त. दोन वर्षं तो बिचारा दुप्पट ओझं ओढत होता. मीच लादलेलं.

आईचे स्पीकर सोडवले. रिसीव्हर दिवसभर चालला, आवाज एकदाही गेला नाही. पण आईची खोली गप्प झाली. ती काही बोलली नाही, फक्त दार उघडं ठेवायला सांगितलं.

एक खोड मात्र उरली होती. आवाज अगदी बारीक असला की डावी बाजू नाहीशी व्हायची, क्षणभर मोठा केला की परत यायची. हे वेगळं दुखणं आहे, एवढं मला काकांच्या प्रश्नांमुळे कळत होतं. आता रिसीव्हर उचलून बुधवारातल्या तपकीर गल्लीत न्यायला हवा होता.

काकांच्या गाळ्यात आज एलईडीच्या माळा आणि पट्ट्या विकल्या जातात. पण मागच्या टेबलावर एक मुलगा दुरुस्तीचं काम करतो. त्याच्यासमोर लाकडी पाटावर ठोकलेला होल्डर होता आणि त्यात जुना १०० वॉटचा तारेचा बल्ब. सिरीज बोर्ड! संशयित सेट थेट विजेवर न लावता या बल्बमधून लावायचा. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर उजळून मंद झाला तर सेट शाबूत. काकांकडे असाच होता. एलईडीच्या बल्बनं हे काम होत नाही, त्याला तापणारी तारच लागते. मुलगा म्हणाला, “काकू, हे बल्ब आता सहज मिळत नाहीत. दोन जपून ठेवलेत.”

मग त्यानं रिसीव्हरकडे न बघता माझ्याकडे बघून विचारलं, “आवाज बारीक असताना जातो की मोठा असताना?”

मला एकदम भरून आलं. त्याला कारण काय सांगणार! मी उत्तर दिलं तसा तो म्हणाला, “रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. बारीक सिग्नल त्या थरातून जात नाही, मोठा झाला की फोडून जातो.” स्पिरिटमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमधून ओढून त्यानं दाखवली, पट्टीवर काळी रेघ उठली. “पुसून चालेल काही महिने, पण नवीनच टाकू.” नवा रिले दीडशे रुपयांचा होता. बोर्ड बदलायची गरज नव्हती.

परत येताना आईच्या गप्प खोलीचा विचार डोक्यात होता. आणि मग माळा आठवला.

अण्णांचा सेट माळ्यावर, जुन्या सतरंजीत गुंडाळलेला होता. सनमायकाचा एक कोपरा उडाला होता. झाकण उघडलं तर आतला कागद पिवळा पडून तसाच चिकटलेला, पेन्सिलीचा गोल आणि तारीख दोन्ही वाचता येत होते. थेट लावायचा धीर झाला नाही, तपकीर गल्लीतच नेला. सिरीज बोर्डवर बल्ब उजळला आणि हळूहळू मंद झाला. सप्लायचे दोन मोठे कपॅसिटर वाळले होते, ते बदलले. व्हॉल्यूमचा पॉट धुऊन घेतला. आणि स्पीकरच्या वाटेवर मी हट्टानं रक्षणाचं एक छोटं रिलेचं सर्किट बसवून घेतलं. मुलगा म्हणाला, “जुन्या सेटला नवीन अक्कल.” मी म्हटलं, “त्याला आधी मिळायला हवी होती.”

सेट आईच्या खोलीत ठेवला तेव्हा ती दुपारची झोपली होती. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती १४ वर्षांची होती. शेजारच्यांकडच्या व्हॉल्व्हच्या रेडिओसमोर बसून तिनं ५६ च्या ५६ गाणी ऐकली. तो रेडिओ लावल्यावर तापेपर्यंत मिनिटभर मुकाट असायचा, आणि त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही, असं ती नेहमी सांगते. म्हणून मी बाबूजींचं गीतरामायणच लावायचं ठरवलं. स्विच दाबला, रिले ‘टक’ करून जुळला. गाणं सुरू व्हायच्या आधी स्पीकरमधून फक्त एक मंद गुणगुण येत होती. इनपुटची जुनी साधी वायर ट्रान्सफॉर्मरच्या जवळून जाते, तिची.

आईनं डोळे न उघडताच विचारलं, “अण्णांचा लावलास?”

ती गुणगुण घालवण्यासाठी मीटरभर शील्डेड वायर आणून ठेवली आहे. अजून बसवलेली नाही.