कुलूप तेच, किल्ली दुसरी

मराठी घरात अंदमान हे एका बेटाचे नाव आहे, याची आठवण फारशी कोणाला राहत नाही. आडगावी बदली झालेला कारकून बायकोला सांगतो, "चला, काळ्या पाण्यावर निघायची तयारी करा." वाड्यातल्या एखाद्या अंधाऱ्या खोलीला भाडेकरूच 'अंदमान' म्हणू लागतात. हे शब्द आपल्या तोंडी इतके रुळले याचे बरेचसे श्रेय सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' या पुस्तकाला द्यावे लागेल. ते १९२७ साली निघाले, आणि कोलू, बेड्या, बारीसाहेब ही सारी मंडळी मुंबई-पुण्याच्या माणसाला समुद्र न ओलांडताच ओळखीची झाली. माझ्या आजोळी ते पुस्तक देवघराशेजारच्या फडताळात असे. पाने पिवळी पडलेली, बांधणी दोनदा केलेली. पण रद्दीत घालायची कोणाची छाती नव्हती.

सावरकर बंधूंना १९२१ मध्ये हिंदुस्थानात परत आणले, आणि आपल्या मनातले अंदमान बहुधा तेथेच संपते. तुरुंग मात्र संपला नाही. त्याची पुढची हकिकत आपल्या फडताळात आली नाही, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते. पण ती कळायला तुरुंग का बांधला ते आधी सांगितले पाहिजे.

१८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, डॉक्टर वॉकर दोनशे बंदीवानांना घेऊन अंदमानात उतरला, तेव्हा तेथे तुरुंग नव्हताच. दाट जंगल, हिवताप आणि चहूकडे समुद्र, एवढ्यावर सरकारचे काम भागत होते. बंदीवानांनीच झाडे तोडली, रस्ते केले. बरीच वर्षे नीट काढलेल्या माणसाला पुढे तिकीट मिळे; मग तो शेती करी, संसार थाटी. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी वसाहतीची पाहणी केली. त्यांना आढळले ते असे, की काळ्या पाण्याची आता कैद्यांना भीतीच वाटत नाही. देशातल्या तुरुंगापेक्षा अंदमान बरे, असे ते म्हणतात! तेव्हा भीती पुन्हा वाटावी म्हणून, आल्याबरोबर काही महिने प्रत्येकाला एकेकटे कोंडावे, अशी शिफारस झाली. सेल्युलर जेल जन्माला आला तो या कागदातून. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षे तो बांधला जात होता, आणि विटा वाहणारे हातही बंदीवानांचेच होते.

मध्ये एक मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या त्याला चिकटलेल्या सात तिमजली चाळी. चाळ हा आपल्या किती जिव्हाळ्याचा शब्द! समोरासमोर दारे, कठड्यावर वाळणारे कपडे, एकाच्या घरची फोडणी दुसऱ्याच्या घरी. येथे एका चाळीचे तोंड दुसऱ्या चाळीच्या पाठीकडे केलेले आहे. सुमारे सातशे कोठड्या, आणि एकीतून दुसरीतला चेहरा दिसू नये अशी योजना. कडीसुद्धा भिंतीच्या खाचेत अशी बसवली आहे, की आतल्या माणसाचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. मी तेथे उभा राहिलो तेव्हा मला अंगावर काटा आला तो या कडीमुळे. कोणी तरी शांतपणे, कागद-पेन्सिल घेऊन, माणसाच्या हाताची लांबी मोजली असली पाहिजे.

या यंत्रात पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. कोलूला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचे. १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय यांनी गळफास लावून घेतला. उल्लासकर दत्तांना वेड लागले. १९२१ नंतर राजकीय कैदी पाठवणे थांबले, आणि १९३२ पासून पुन्हा सुरू झाले. मे १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्र हे तिघे दगावले. १९३७ मध्ये पुन्हा मोठे उपोषण झाले, देशभर ओरड झाली, आणि जानेवारी १९३८ पर्यंत राजबंदी परत आणले गेले. येथे गोष्ट संपती तर ती वीरांची गोष्ट म्हणून पुरी झाली असती.

२३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरले. इंग्रजांचे सैन्य आधीच निघून गेले होते. जपान्यांनी तुरुंगाची दारे उघडली, कैदी बाहेर आले. आशियाई भाऊ आशियाई भावाला सोडवायला आला आहे, असे सांगण्यात आले, आणि लोकांना ते खरे वाटले. का वाटू नये? ज्या दाराच्या नुसत्या नावाने तीन पिढ्यांचा थरकाप झाला, ते दार डोळ्यांदेखत उघडले होते. गावात इंडियन इंडिपेंडन्स लीगची शाखा निघाली. तिचे प्रमुख झाले डॉक्टर दिवाणसिंग. सियालकोटकडचा हा माणूस सरकारी डॉक्टर म्हणून अंदमानात आला होता. पंजाबीत तो मुक्तछंदात कविता करी; १९३८ मध्ये त्याचा संग्रहही निघाला होता. गावात गुरुद्वारा आणि शाळा उभी करण्यात त्याचा पुढाकार होता.

मग कुठे तरी पाणी मुरले. जपानी जहाजे बुडू लागली. शत्रूला बातमी जाते कशी? खरे कारण असे होते, की जानेवारी १९४३ मध्ये इंग्रजांची एक लहानशी तुकडी पाणबुडीतून येऊन जंगलात उतरली होती आणि बिनतारी यंत्रावरून खबरा देत होती. जपान्यांनी हेर शोधले ते गावात. ज्याला इंग्रजी येते तो संशयित. म्हणजे कोण? शाळामास्तर, कचेरीतला कारकून, पोलिस अधिकारी, डॉक्टर. सेल्युलर जेल पुन्हा भरू लागला. कोठड्या त्याच, कडी तीच. माणसाचा हात न पोचणारी खाच नव्या धन्यालाही आयतीच मिळाली. २३ ऑक्टोबर १९४३ रोजी दिवाणसिंगांना पकडले आणि त्याच तुरुंगात त्यांचा अमानुष छळ सुरू झाला.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. ३० डिसेंबर १९४३ रोजी सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरच्या जिमखाना मैदानावर राष्ट्रीय झेंडा फडकवला. बेटांना 'शहीद' आणि 'स्वराज' अशी नावे मिळाली. तो दिवस आपल्या इतिहासात सोन्याचाच आहे. त्या दिवशी डॉक्टर दिवाणसिंग त्याच गावातल्या तुरुंगात जिवंत होते. नेताजींना तुरुंग दाखवला गेला, पण जेथे हे लोक कोंडले होते तिकडे नेले नाही. जपानी अधिकाऱ्यांनी त्यांच्याभोवती असा गराडा घातला होता की गावातल्या माणसाला एकांतात चार शब्द बोलायची सोय नव्हती. १४ जानेवारी १९४४ रोजी दिवाणसिंग गेले. आणि ३० जानेवारीला, झेंडा फडकल्याला बरोबर महिना झाला त्या दिवशी, हंफ्रेगंज येथे ४४ हिंदी नागरिकांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. बेटांची सत्ता कागदावर आझाद हिंद सरकारची होती. बंदुका जपानी आरमाराच्या होत्या.

ऑगस्ट १९४५ मध्ये, अन्न संपत आले तेव्हा, शेकडो माणसांना नव्या बेटावर शेती करायला नेतो म्हणून बोटीत घातले आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात उतरवले. फार थोडे वाचले. ऑक्टोबरमध्ये जपान्यांनी शरणागती लिहून दिली, तीही त्याच जिमखाना मैदानावर. हॅवलॉकचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. आपल्याकडची नवी जोडपी तेथे हौसेने जातात, निळ्या पाण्यात फोटो काढतात. काढावेत. पण त्या पाण्याने काय पाहिले ते एकदा कोणी तरी त्यांना सांगितलेले असावे.

या दुसऱ्या गोष्टीने मला पहिलीपेक्षाही अधिक अस्वस्थ केले. सावरकर, बारींद्र घोष, भाई परमानंद यांनी वणव्यात उडी घेतली ती जाणूनबुजून. सुटल्यावर त्यांनी लिहिले, आणि त्यांच्या यातनेला शब्द मिळाले. हंफ्रेगंजच्या खड्ड्याशी उभ्या केलेल्या माणसांनी असा कुठला विडा उचलला होता? ती तुमच्या-माझ्यासारखी पगारदार, पोराबाळांची माणसे. राज्य बदलले तेव्हा त्यांनी नव्या राज्याचे स्वागत केले, लीगची वर्गणी भरली, आणि आपण आता बरोबर बाजूला आहोत असे समजून ती रात्री निर्धास्त झोपली. त्यांचा गुन्हा शोधायला गेले तर हाती लागते थोडेसे इंग्रजी. लिहायला ती उरली नाहीत.

एका जुलमाचे वर्णन करताना दुसऱ्याचे पाप झाकले जाऊ नये, आणि दुसऱ्याचे सांगताना पहिल्याचे हलकेही होऊ नये. इंग्रजाने ती वास्तू भीती निर्माण करायला बांधली. जपान्याला ती तयार मिळाली. कोंडण्यासाठी इतकी चोख बांधलेली इमारत रिकामी राहत नाही. तिला गिऱ्हाईक मिळतेच. म्हणून तुरुंगाचे दार कोण उघडतो एवढ्यावर टाळ्या वाजवून चालत नाही. तो ते मोडतो की किल्ली खिशात घालतो, हे पाहावे लागते.

सातांपैकी आता तीनच चाळी उभ्या आहेत. १९४१ च्या भूकंपाने काहींना तडे गेले, जपान्यांनी काही पाडून त्यांचे सामान वापरले, आणि स्वातंत्र्यानंतर काही पाडून त्या जागी १९६३ मध्ये इस्पितळ झाले. जुने राजबंदी या पाडापाडीविरुद्ध भांडले, म्हणून उरलेल्या चाळी वाचल्या. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ते राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केले. भांडणाऱ्यांचे खरे होतेच. तरीही जेथे कोठड्या होत्या तेथे आज कोणाचे बाळंतपण होते, कोणाचा ताप उतरतो, हे मला बरे वाटते. दिवाणसिंग डॉक्टर होते; त्यांना ही अदलाबदल पसंत पडली असती असे वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत हल्ली पुष्कळ मराठी कुटुंबे विमानाने अंदमानला जातात. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झाले आहे. सेल्युलर जेलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपाशी आपली माणसे चपला काढून उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. गाडीवाल्याला आणखी एक गाव सांगा, हंफ्रेगंज. शहराबाहेर आहे, वाट वाकडी करावी लागते, आणि पाहण्यासारखे तेथे फारसे काही नाही. त्या ४४ जणांचे स्मारक आहे. दोन मिनिटे थांबले तरी पुरे.