तीन गाठींचा निरोप्या

पूर्ण नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. ओळखीची माणसं ईजीएफ म्हणतात. पेण-रोह्याच्या बाजारपेठेतल्या मेडिकलमध्ये हल्ली त्याच्या घराण्याचं नाव सीरमच्या चिमुकल्या खोक्यांवर झळकतं आणि त्यामुळे तो चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवणारा कुणी शौकीन असावा असा समज होतो. तो समज दूर व्हावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे. हा गडी मुळात जखमांचा आहे.

अंगकाठी लहान. ५३ अमिनो आम्लांची एक साखळी आणि ती तीन ठिकाणी गंधकाच्या बंधांनी स्वतःलाच गाठ मारून बसलेली. या तीन गाठींवर त्याचं सगळं रूप उभं आहे. रूप बिघडलं की त्याचा निरोप कुणाला कळत नाही. काम एकच, निरोप पोचवणं. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठीच राखलेला एक ग्राही असतो. त्याला जाऊन हा बिलगला की आत हालचाल सुरू होते: सरक, वाढ, एकाच्या दोन हो. निरोप पोचला की पेशी ग्राहीसकट त्याला आत ओढून घेते आणि बहुतेक वेळा मोडून टाकते. काम झालं की उरायचं नाही, असा याचा स्वभाव. शरीराला ते परवडतंही, कारण वाढीचा हुकूम सतत चालू राहिला तर अनर्थ होईल.

मुक्काम लाळेत, लघवीत, रक्तातल्या प्लेटलेटमध्ये. पेणजवळच्या जोह्यात किंवा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचा सांधा घासताना पात्याची धार बोटाला लागते, रक्त येतं, कारागीर चिंधी गुंडाळून पुन्हा कामाला लागतो. त्या चिंधीखाली रक्त गोठताना प्लेटलेटमधून जे निरोपे बाहेर पडतात त्यांत हाही असतो. जखमेच्या काठावरच्या पेशी त्याच्या सांगण्यावरून आत सरकू लागतात. फुकट, गाजावाजा न करता.

त्याचा शोध लागला तो मात्र भलत्याच वाटेनं. स्टॅन्ली कोहेन १९५० च्या दशकात सेंट लुईसला रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्याबरोबर मज्जातंतूंच्या वाढीचा घटक शोधत होते. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे दोन आठवड्यांऐवजी आठवड्याभरातच उघडले आणि दातही लवकर आले. दुसरा एखादा संशोधक हे बाजूला ठेवून आपल्या मूळ कामाकडे वळला असता. कोहेन त्या मिटल्या पापण्यांच्या मागेच लागले आणि १९६२ साली त्यांनी हे प्रथिन वेगळं काढून दाखवलं. १९८६ चं नोबेल दोघांना मिळालं. या गोष्टीतला कोहेन यांचा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

आज त्याला उंदरातून काढावं लागत नाही. माणसाचं जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये बसवतात आणि टाकीत त्यांची पैदास करून प्रथिन गाळून घेतात. आइसलँडमध्ये तर जवाच्या दाण्यात त्याचं पीक काढतात. हैदराबादच्या भारत बायोटेकनं त्याचं जेल बाजारात आणलं, रीजेन-डी नावाचं, आणि ते मधुमेह्याच्या पायावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी. तिथे कातडीच उरलेली नसते. त्यामुळे त्याला थेट पेशींशी बोलता येतं.

सीरममध्ये नेमकं इथंच घोडं अडतं. धडधाकट कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा आणि त्यांच्यामधल्या स्निग्धाचा. तो भेदून आत शिरायचं तर रेणूचं वजन साधारण ५०० डाल्टनच्या आत हवं, असा त्वचाशास्त्राचा ठोकताळा आहे. सीरममधलाच नायासिनामाइड १२२ चा, तो शिरतो. हा सहा हजारांचा. ज्या जिवंत पेशींना निरोप द्यायचा त्या खाली आणि हा वर ताटकळलेला. बाटलीतला बराचसा माल पायरीवरच राहतो आणि सकाळी तोंड धुताना निघून जातो. सुई टोचून बारीक भोकं पाडल्यावर किंवा लेझरनंतर लावला तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टरचं काम.

आता कोकमतेलाकडे बघा. खारेपाटातल्या बाईच्या टाचेला भेगा पडल्या की रात्री ते कोमट करून भरतात. त्याचा रेणूही ५०० च्या पुष्कळ वर, तोही आत जात नाही. पण त्यानं आत जायचंच नसतं. भेगेवर बसून ओल धरून ठेवायची, एवढं त्याचं काम आणि ते तो चोख करतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत सुदर्शन केमिकलचा कारखाना आहे. या कंपनीची रंगद्रव्यं सौंदर्यप्रसाधनांतही जातात. त्यांनीही कातडीवरच राहायचं. ज्याचं काम वर आहे त्यानं वर राहावं यात कमीपणा नाही. ईजीएफचं काम मात्र आत आहे, म्हणून मिटल्या कातडीवर तो वाया जातो याचं वाईट वाटतं.

कातडीला त्याची किती गरज आहे हे कळतं, ते त्याचं बोलणं बंद केल्यावर. काही कर्करोगांत पेशीवरचा त्याचा ग्राही बेताल होतो, निरोप नसतानाही वाढत राहा म्हणतो. जेफिटिनिबसारखी औषधं तो ग्राही बंद करतात. खारघरला टाटाच्या कर्करोग केंद्रात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात अशा उपचारावर असलेल्या माणसाकडे नीट पाहिलं तर चेहऱ्यावर मुरुमांसारखं पुरळ दिसतं, कातडी कोरडी ठक्क, बोटांच्या टोकांना चिरा, नखांच्या कडा सुजलेल्या आणि पापण्यांचे केस काही जणांत चमत्कारिक लांब वाढलेले. फुप्फुसातल्या गाठीसाठी घेतलेली गोळी, आणि तिची खूण उमटते कातडीवर. रोजच्या रोज हा किती राबत असतो, त्याची एवढी ढळढळीत साक्ष दुसरी नाही.

मधुमेह्याच्या पायाच्या जखमेवरही तो एकटा पुरत नाही. आधी मेलेलं मांस काढावं लागतं, पू आणि जंतू हटवावे लागतात, साखर आटोक्यात आणावी लागते, पायाला रक्त पोचतं की नाही ते पाहावं लागतं. डॉक्टर आणखी एक सांगतात, या पायावर भार द्यायचा नाही. लावणीच्या दिवसांत, तळव्याची जाणीव गेलेला आणि अनवाणी चिखलात उतरणारा शेतकरी ही अट कशी पाळणार? जेल महाग आहे, पण ते एक वेळ उसनवारी करून आणता येतं. जखम भरेपर्यंत घरी बसायचं तर आवणात कोण उतरणार, हे आधी ठरवावं लागतं.