घाम टिपताना

अकोल्यात एप्रिल लागला की माझं इसब जागं व्हायचं. कोपराच्या घडीत, गुडघ्यामागे, मानेवर. आधी नुसती चुणचुण, मग लाली, मग रात्र रात्र खाज. पारा पंचेचाळीसला टेकेपर्यंत तिथली कातडी चिरलेली असायची.

‘खाजवू नको गं,’ असं जो तो सांगे. मग करायचं काय, ते कुणीच सांगत नसे. आजी बोलायची नाही, करायची. धुऊन धुऊन मऊ झालेलं एक जुनं सुती लुगडं फाडून तिनं हातरुमालाएवढे तुकडे केले होते. एक तुकडा माठातल्या पाण्यात बुडवायचा, पिळायचा आणि कोपराच्या घडीत नुसता ठेवायचा. पुसायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही. तुकडा कोमट झाला की दुसरा. कूलरच्या वाऱ्याखाली हे तासभरही चाले आणि तेवढ्यात माझा डोळा लागे.

शाळेचा गणवेश टेरिकॉटचा. मधल्या सुट्टीतल्या खेळाचा घाम कॉलरखाली वाळायचा आणि त्यातलं मीठ चिरांना झोंबायचं. दुपारनंतरच्या तासांना फळ्याकडे लक्ष लागणं शक्यच नव्हतं.

उपाय पुष्कळ झाले. त्यातली एक मलमाची ट्यूब मात्र विसरणं अवघड आहे. शेजारच्या काकूंनी नाव सांगितलं, दुकानदारानं चिठ्ठी न मागता दिली. चार दिवसांत कातडी स्वच्छ. बंद केली की इसब दुप्पट जोरानं हजर. तिच्यात जोरदार स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि प्रतिजैविक असं सगळं एकत्र होतं. स्टिरॉइडवर माझा राग नाही. डॉक्टरांनी बेतून दिलेल्या, ठरावीक दिवसांच्या स्टिरॉइडनंच मला कितीदा सावरलं आहे. 2018 साली केंद्र सरकारनं अशी 14 स्टिरॉइड औषधं असलेली मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी काउंटरवर नाव घेतलं की ट्यूब हातात पडते, याची मला खरोखर चीड येते.

नोकरीसाठी मुंबईत आले आणि घामच बदलला. अकोल्याच्या कोरड्या हवेत तो आल्या आल्या उडून जातो. इथे लोकलमध्ये तो अंगावरून ओघळत राहतो, वाळायचं नाव घेत नाही. इथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्यांदा मला नीट समजावलं. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कातडीचा वरचा थर सांधून ठेवतं, तिच्यात ओल धरतं. काही जणांच्या जनुकांतच खोट असते आणि ते कमी पडतं. इसबाशी त्याचा संबंध 2006 साली संशोधकांनी दाखवून दिला. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. गरोदरपणी वांगं खाल्लं म्हणून पोरीला हे झालं, असं तिला वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “पुन्हा सांग बरं, काय नाव त्याचं?”

बाईंचा सल्ला साधा होता. घाम येऊ द्या, पण अंगावर वाळू देऊ नका. साध्या पाण्यानं धुवा, दर वेळी साबण नको. टिपा आणि कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा; उन्हाळ्यात पातळ लोशन, कारण दाट मलमाखाली घाम कोंडतो. ‘टिपा’ म्हणताना त्यांनी हातानं जे करून दाखवलं, ते हुबेहूब आजीचं होतं. तेव्हापासून पर्समध्ये सुती तुकडा असतो आणि ऑफिसला पोचल्यावर माझं पहिलं काम बेसिनपाशी कोपर धुण्याचं.

‘एसीत बसा’ हा सल्ला मात्र मला सहन होत नाही. आमच्या वॉचमनचा मुलगा पत्र्याच्या खोलीत राहतो आणि त्याच्या मानेवर माझंच इसब आहे. सरकारी दवाखान्यात त्याला औषध मिळालं, पण शाळेत तासाच्या मध्ये नळावर जाता येत नव्हतं. त्याच्या आईबरोबर मी शाळेत गेले. घाम धुवायला पाच मिनिटं आणि गणवेशाच्या आत सुती बनियन, एवढंच मागितलं. वर्गशिक्षिकेनं लगेच होकार दिला आणि वर्गाला विचारलं, आणखी कुणाला असा त्रास होतो का? दोन हात वर झाले.