मचाणावरचा मुनीम

आमगावच्या राइस मिलमध्ये तीस वर्षं मी पोती मोजतोय. धानाची आवक, तांदळाची जावक, कोंडा वेगळा, कनकी वेगळी. त्यामुळे वनखात्याच्या माणसाने हातात छापील कागद देऊन ‘प्राणी दिसला की वेळ, संख्या, नर-मादी-पिल्लू लिहायचं’ असं सांगितलं, तेव्हा जिवात जीव आला. हे तर आपलंच काम!

झालं सगळं भाच्यामुळे. तो मलेशियाला जाऊन आला. तिथल्या तामान नेगारा नावाच्या, चार हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या जंगलात गाईडच्या मागे दिवसभर चालला आणि रात्री गुहेत झोपला. जळवा चावल्याचे डाग घरोघर दाखवत फिरला. ‘मामा, तुम्ही कधी जंगलात रात्र काढली?’ नागझिरा आमच्या घरापासून दोनेक तासांवर. कोहमाऱ्याहून साकोलीला जाताना त्या जंगलाच्या कडेने लग्नाच्या किती वराती गेल्या असतील, आत मात्र मी एकदाही गेलो नव्हतो. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्पात रात्री पायी फिरू देत नाहीत. पण बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्रभर बसायला मिळतं, ‘निसर्गानुभव’ म्हणतात त्याला. भाच्याने मोबाईलवर अर्ज भरला. पैसे अर्थात माझे.

पहिली चूक कपड्यांची. कुठंतरी जायचं म्हणून मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. गाईडने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काही न बोलता आपला हिरवा गमछा माझ्या खांद्यावर टाकला. दुसरी चूक डब्याची. बायकोने लाखोरीच्या डाळीचे वडे दिले होते, लसूण सढळ हाताने घातलेले. मचाणावर चढून डबा उघडला आणि गाईडने लगेच झाकण लावलं. ‘हा वास कोसभर जाते जी.’ रात्रभर ते वडे माझ्या मांडीशी होते आणि मी फुटाणे खात होतो, तेही एकेक, दातांचा आवाज न करता. तिसऱ्या अडचणीबद्दल एवढंच सांगतो, की सकाळपर्यंत खाली उतरायचं नसतं आणि साखरेमुळे मला दर दोन तासांनी उठावं लागतं. गाईडने रिकामी बाटली पुढे केली आणि तोंड फिरवलं.

समोरचा पाणवठा आमच्या गावच्या बोडीच्या पासंगालाही न पुरणारा, सिमेंटची मोठी बशीच. वैशाखात नाले आटतात, जनावरांना पाण्यावर यावंच लागतं आणि पौर्णिमेचा उजेड असतो, म्हणून हीच रात्र धरतात. उन्हं असेपर्यंत हिशेब चोख होता. चितळ अकरा, मोर दोन, लांडोरी तीन, माकडं एकोणीस. खाली रेघ मारून बेरीजही केली.

‘यावरून वाघ किती ते ठरवता?’ मी कुजबुजलो.

‘आधी ठरवत. आता कॅमेरे लावून मोजतात.’

देशभरातली वाघांची मोजणी 2006 पासून दर चार वर्षांनी होते आणि आता तिचा मुख्य आधार कॅमेऱ्यातले फोटो. वाघाचे पट्टे म्हणजे अंगठ्याचा ठसाच, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. हे त्याने अगदी सहज सांगितलं.

‘मग हा कागद कशाला?’

‘तुमच्यासाठीच हाये जी.’

चंद्र वर आला आणि माझी वही बुडाली. उजेड भरपूर, पण त्या उजेडात दगडही हलतो. ऐनाच्या बुंध्याला मी दोनदा अस्वल म्हणून लिहिलं आणि दोनदा खोडलं. खरं अस्वल आलं तेव्हा मी डोळे चोळत होतो. गाईडने गुडघा दाबला. काळा गोळा पाण्याशी टेकला. केवढा सुरकावण्याचा आवाज! गरम चहा बशीत ओतून पिणाऱ्या आमच्या हमालासारखा. मग तो गोळा सावलीत शिरला. पाव तासाने पुन्हा एक आला. तोच, की दुसरा? एक लिहायचं की दोन?

दीडच्या सुमारास रानगवे आले. आधी वास आला, गोठ्यासारखा, पण अधिक रानटी. मग फुरफुर. मग गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय तेवढे चालताना दिसले. वरचं धूड अंधारातच. मी पाय मोजून चाराने भागायला लागलो. चोवीस झाले, म्हणजे सहा. एवढ्यात दोन वळले, एक मागे गेला, एकाच्या आड पिल्लू निघालं. पाच लिहिले, खोडून सात केले. गाईडला खूण केली, किती? त्याने डोळे मिटलेलेच होते. कानाला हात लावून दाखवला.

गवे एकाएकी थिजले. पलीकडून सांबराचा ‘पोंक’ असा ठणठणीत आवाज आला. पुन्हा एकदा. गवे पाण्यावरून निघून गेले, घाई न करता. रातकिडे सोडले तर सगळं गप्प. 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी याच जंगलात आणून सोडल्या होत्या, हे मला नेमकं तेव्हाच आठवायचं होतं. इथलाच ‘जय’ वाघ उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि 2016 साली दिसेनासा झाला, तेही आठवलं. सुक्या पानांवर काहीतरी वाजलं. एक पाऊल. बराच वेळ काही नाही. मग दुसरं. पाण्याशी कुणी आलं नाही. मी घामाने निथळत होतो आणि हिरवा गमछा दातांत धरला होता, हे सकाळी कळलं.

गेटवर कागद जमा करताना तिथल्या मुलाने बोट ठेवलं. ‘काका, एक पन्नासला प्राणी लिहिला नाही, संख्या लिहिली नाही, नुसतं ‘‘आला होता’’?’

मी काय सांगणार? गाईड मागे माझ्या डब्यातला वडा खात उभा होता.

‘एक लिव,’ तो म्हणाला.