दुसऱ्याची चित्रे मांडणारा

गेल्या दिवाळीत पातूर येथे ताईच्या घरी गेलो असता आमच्यावर एक अवघड कामगिरी येऊन पडली. आमच्या भाच्याने चित्रकलेचे शिक्षण पुरे होताच 'क्युरेटर' होण्याचा निश्चय जाहीर केला होता, आणि त्यास त्यापासून परावृत्त करण्याकरिता भाऊजी आमची वाट पाहत बसले होते. ते म्हणाले, "चित्रे काढणारा उपाशी राहतो, हे आम्ही ऐकून आहोत. पण दुसऱ्याची चित्रे भिंतीवर मांडणारा काय खातो, हे तुम्हीच त्याला विचारा!"

प्रश्न चोख होता आणि खरे सांगावयाचे तर आमचे मतही भाऊजींच्याच पक्षाचे होते. "उद्या बोलू," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्यासह गावाबाहेरच्या लेण्यांवर गेलो. पातूरची लेणी अजिंठ्याप्रमाणे चित्रांनी श्रीमंत नाहीत. डोंगराच्या कातळात केलेले साधे खोदकाम, एवढेच त्यांचे वैभव. भाच्याने विचारले, "मामा, अजिंठा तुम्ही चारदा पाहिलात. हे एकदा तरी नीट पाहिलेत का?" आम्ही निरुत्तर झालो. तो पुढे म्हणाला, "तिथे कोणीतरी तुम्हांला 'थांबा, पाहा' असे म्हणाले होते. इथे कोणीच म्हणाले नाही. मला ते म्हणायचे आहे."

मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह 1872 पासून अनेक वर्षे अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. अशा लोकांच्या श्रमांवाचून त्या चित्रांची कीर्ती इतकी दूर पोहोचली नसती.

त्याच वेळी आम्हांस अमरावतीची आठवण झाली. 2008-09 मध्ये चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' या नावाने समकालीन भारतीय कलेचे एक प्रदर्शन सिद्ध करून ते महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरी फिरविले. अमरावती हे त्यांतील एक. आम्ही तेथे गेलो ते कुतूहलाने नव्हे, संशयाने. ही मोठ्या शहरांची फसवणूक तर नव्हे, आणि समजले नाही असे कबूल केले तर आपले अडाणीपण तर उघडे पडणार नाही, अशी दुहेरी धास्ती मनात होती. तरीही एका चित्रापाशी आम्ही दोनदा परत आलो. आमच्या दाराशी ते चित्र आपण होऊन चालत आले नव्हते. ते निवडणारा, आणणारा व त्याच्याविषयी आपला शब्द पणास लावणारा कोणी होता, हे आमच्या ध्यानात आले ते इतक्या वर्षांनी, पातूरच्या कातळापाशी.

'क्युरेटर' हा शब्द मुळात लॅटिनमधील 'काळजी घेणे' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. सायंकाळी आम्ही तो भाऊजींना सांगितला. पण व्युत्पत्तीने पोट भरत नाही, हे त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसले. तेव्हा आम्ही त्यांच्याच पेढीचा आधार घेतला. "भाऊजी, तुमची धान्याची अडत. तूर तुम्ही पिकवीत नाही, डाळही भरडीत नाही. मग शेतकरी व व्यापारी तुमच्याकडे का येतात?"

"शब्दावर येतात," भाऊजी म्हणाले. "पण आमची अडत ठरलेली असते. याची कोण ठरविणार?"

येथे आम्हांस सत्य लपविता आले नाही. पटवर्धनांनीही 1975 ते 2005 अशी तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. पुण्यात आपल्या दिवंगत पुत्राच्या, राजाच्या, नावाने अपूर्व संग्रहालय उभारणाऱ्या दिनकर केळकरांचे घर चष्म्यांच्या दुकानावर चालत असे. सदाशिव गोरक्षकरांसारखा एखादा मुंबईच्या मोठ्या वस्तुसंग्रहालयाच्या संचालकपदी पोहोचतो व 2003 साली 'पद्मश्री' मिळवितो; पण अशी पदे किती असणार? राहता राहिला धनिकांस काय विकत घ्यावे हे सांगणाऱ्या सल्लागाराचा मार्ग. त्यात पैसा आहे, आणि धोकाही. ज्याची स्तुती करावयाची त्याच मालात आपला वाटा असला, की शब्दाची किंमत गेली.

"म्हणजे अडत्यानेच माल साठवून भाव चढवायचा," भाऊजी म्हणाले. कला न जाणणाऱ्या या गृहस्थाने त्या व्यवसायाचे मर्म एका वाक्यात सांगितले.

अखेर तडजोड झाली. मुलाने शाळेत चित्रकला शिकवून आपला खर्च भागवावा, आणि दोन वर्षे हा नादही करून पाहावा. आम्ही जामीन राहिलो. आमचा सल्ला चुकला तर मुलाची दोन वर्षे जातील, हे ओझे आमच्या मनावर आहेच. तो उठू लागला, तेव्हा भाऊजींनी एक अट घातली.

"पहिले प्रदर्शन पातुरात भरव. इथल्या माणसाला थांबवून दाखव. मग मुंबईला जा."

भाच्याने अट मान्य केली. आमच्या मते ती त्याच्या आजवरच्या सर्व परीक्षांहून कठीण आहे.